गावाकडच्या म्हाताऱ्यांना रेशन बरं की खात्यात पैसे?

मी भांडुपला, आई-अण्णा बीडकडं गावी, दोघंही सत्तरीच्या पुढं. आमचं कार्ड केशरी, आधी शेतकरी म्हणून माणशी 5 किलो धान्य मिळायचं, गहू 2 रुपये अन् तांदूळ 3 रुपये किलो. 2023 पासून मराठवाड्यासह 14 जिल्ह्यांत ते बंद करून माणशी 150 रुपये थेट खात्यात, पुढं 170 केले.

आता हिशोब करा, 170 भागिले 5 म्हणजे किलोला 34 रुपये, तेवढ्यात गावच्या दुकानात बरा गहू मिळेलच असं नाही, आणि भाव चढला की रक्कम काही आपोआप चढत नाही. धान्याचं तसं नव्हतं, महागाई कितीही असो 5 किलो म्हणजे 5 किलो.

पण रेशनचा त्रासही मी बघितलाय. अण्णांच्या बोटांच्या रेषा नांगर-खुरप्यानं झिजून गेल्यात, मशीनवर अंगठा पाचपाच वेळा पुसून लावायचे तरी उमटायचा नाही, मग उद्या या. पैशाचं मात्र आईच्या हातात काहीतरी येतं, गोळ्या आणते, कुणाला विचारावं लागत नाही, हे मला फार मोठं वाटतं. फक्त बँक तालुक्याला, जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि अख्खा दिवस.

पीएम किसानचे 2000 चार महिन्यांनी येतात ते खताला बरे पडतात. पण रोजच्या भाकरीसाठी, माझं स्पष्ट मत, धान्यच द्या, आणि अंगठा नाही उमटला तरी द्या.