हिमगाभ्यातला सी-अक्ष मोजायचा: हाताने फिरवायचा स्टेज, स्वयंचलित यंत्र की ईबीएसडी?

मुंबईतल्या एखाद्या भूशास्त्र किंवा पदार्थविज्ञान विभागात हिमगाभ्याच्या, म्हणजे बर्फाच्या थरातून खोदून काढलेल्या दंडगोलाच्या, स्फटिकरचनेवर काम करायचे ठरले की चर्चा लगेच यंत्राकडे वळते. आधी बोलायला हवे थंडीबद्दल. भिंगाखाली पाहायचे पातळ काप तयार करायला उणे १५ ते उणे २० अंश सेल्सिअसची खोली लागते. नुसता डीप फ्रीझर पुरत नाही, कारण करवत, मायक्रोटोम (पात्याने पातळ थर तासणारे यंत्र) आणि काम करणारा माणूस तिघेही त्याच थंडीत असावे लागतात. तापमान उणे ५ च्या आसपास आले तर पाते बर्फाला चिकटते. उणे ३० च्या खाली गेले तर काप तडकतो. आणि जुलैतल्या आपल्या दमट हवेत काप दाराबाहेर आला की काही सेकंदांत त्यावर हिमकण धरतात, आणि मग भिंगाखाली तेच दिसतात. म्हणून सूक्ष्मदर्शकही आतच ठेवायचा.

मोजायचे काय, ते आधी पक्के करू. बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो आणि तो पत्त्यांच्या कॅटसारखा सरकतो: तळपातळ्या एकमेकींवरून सहज घसरतात, बाकीच्या दिशांना कित्येक पट जास्त जोर लागतो. त्या पातळ्यांना लंब असलेली दिशा म्हणजे सी-अक्ष. वरून दाब येत असेल तर खोल जाता जाता सी-अक्ष उभ्या दिशेला गोळा होतात. ग्रीनलंडच्या ग्रिप गाभ्यात, जो १९९२ मध्ये ३,०२९ मीटरपर्यंत पोचला, नेमके हेच दिसले. २००३ मध्ये ३,०८५ मीटरवर तळ गाठलेल्या एनग्रिपमध्ये मात्र बर्फ एका दिशेने ताणला जातो, म्हणून तिथे अक्ष उभ्या पट्ट्यात पसरलेले सापडतात. बर्फ पुढे किती वेगाने वाहील, हे या मांडणीवरही ठरते. त्यामुळे मोजणीत घसरलो तर प्रवाहाचे गणितही घसरते.

हाताचा स्टेज आणि स्वयंचलित यंत्र या दोन्ही पद्धतींना लागणारा काप एकच. गाभ्यातून ८ ते १० मिलिमीटरची चकती कापायची, एक बाजू मायक्रोटोमने गुळगुळीत करायची, ती काचेवर ठेवून कडेने शून्याजवळच्या पाण्याचे थेंब सोडून गोठवायची. पाणी कोमट असेल तर कडेचे कण (एकेक स्फटिक) वितळून पुन्हा गोठतात आणि गाभ्यात नसलेले नवे स्फटिक तयार होतात. मग करवतीने १ ते २ मिलिमीटरपर्यंत आणून मायक्रोटोमने ०.३ ते ०.५ मिलिमीटरवर न्यायचे. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटरचा असतो, बर्फाचा दहापट जाड, कारण बर्फाचे द्विअपवर्तन, म्हणजे दोन दिशांना कंप पावणाऱ्या प्रकाशासाठीच्या अपवर्तनांकांतला फरक, जेमतेम ०.००१४ आहे. त्यामुळे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्मांमध्ये) रंगच जाडी सांगतो. सी-अक्ष कापाच्या पातळीत असलेला कण ०.४ मिलिमीटरला जांभळट तांबडा दिसतो, ०.३ ला तपकिरी पिवळा. एकाच कणात रंगांचे पट्टे दिसले तर काप पाचरीसारखा झाला आहे, परत तासा. रंग फिके आणि सीमा दुहेरी दिसल्या तर तो अजून जाड आहे.

हाताने फिरवायचा स्टेज, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काप धरून फिरवायची बैठक, १९५० च्या दशकात संशोधक रिग्सबी आणि लँगवे यांनी बर्फासाठी रूढ केला. प्रत्येक कण फिरवून, झुकवून अंधारा करायचा आणि कोन वाचायचे. खर्च सर्वांत कमी आणि शिकणे सर्वांत जास्त. अडचणी दोन. एक, अंधाराच्या स्थितीत अक्ष एकमेकांना काटकोनात असलेल्या दोनपैकी कोणत्याही पातळीत असू शकतो, त्यामुळे नवख्याची चूक थेट ९० अंशांची होते. दुसऱ्या अक्षावर झुकवून खात्री केल्याशिवाय आकडा लिहू नये. दोन, प्रकाश बर्फात वळतो. स्टेजवर ५० अंश झुकाव वाचला तर बर्फातला खरा झुकाव सुमारे ३६ अंश असतो. ही दुरुस्ती विसरली की सगळा आलेख कडेकडे सरकतो. सगळे नीट केले तरी अचूकता साधारण ५ अंशांची, आणि १०० कण मोजायला थंडीतले कित्येक तास जातात.

स्वयंचलित फॅब्रिक (स्फटिकांच्या अक्षांची मांडणी) विश्लेषक, उदाहरणार्थ जी-५० हे यंत्र, तोच काप वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशात पाहून प्रत्येक बिंदूचा सी-अक्ष काढतो. सुमारे १० सेंटिमीटर बाजूचा काप, हजारो बिंदू, शिवाय कणांच्या सीमा आणि आकारही. आकडेवारी हवी असेल तर याला तोड नाही. पण तो कापातला दोष लपवत नाही. कणसीमांवर आणि बुडबुड्यांभोवती आलेले निकृष्ट बिंदू गुणवत्तेची मर्यादा लावून गाळायलाच हवेत. निकाल तीन संख्यांत येतो, ज्यांची बेरीज १: तिन्ही ०.३३ च्या जवळ म्हणजे अक्ष विस्कळीत, एक १ च्या जवळ म्हणजे एकवटलेले, दोन ०.५ च्या आसपास म्हणजे पट्टा.

दोन्ही प्रकाशीय पद्धती फक्त सी-अक्ष देतात. ए-अक्ष (तळपातळीतली स्फटिकाची दिशा) आणि कणाच्या आतले मायक्रॉनभराचे वाकणे पाहायचे तर ईबीएसडी, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुन्यावरून परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या नक्षीवरून स्फटिकाची दिशा काढणे. पवईच्या आयआयटीत धातूंच्या पोतासाठी (स्फटिकांच्या मांडणीसाठी) अशी राष्ट्रीय सुविधा आहे, हे ऐकून बरेच जण सुखावतात. पण बर्फाला निर्वातात टिकवायला उणे ९० ते उणे १०० अंशांची क्रायो स्टेज आणि नमुना गोठलेलाच आत नेणारी व्यवस्था लागते. त्याशिवाय पृष्ठभाग उडून जातो किंवा त्यावर दव गोठते. नमुना काही सेंटिमीटरचाच, म्हणजे ५ मिलिमीटरचे कण असतील तर मोजायला मोजकेच मिळतात. त्यातून सरासरी मांडणी सांगणे चूक.

निवड अशी करावी. प्रश्न खोलीनुसार मांडणी कशी बदलते हा असेल, तर स्वयंचलित यंत्र, आणि ते नसेल तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे काप न्यावा. एम.एस्सी.चा प्रकल्प, दहा-बारा काप आणि कमी पैसा असेल तर हाताचा स्टेज. कण कसे तुटतात, नवे कसे जन्मतात हा प्रश्न असेल तरच ईबीएसडी, तीही आधी प्रकाशीय नकाशा काढून नेमका तुकडा निवडल्यावर. अंटार्क्टिकातल्या वोस्तोकला सरोवराच्या पाण्यापासून गोठलेल्या तळच्या बर्फात हातभर लांबीचे स्फटिक आहेत. तिथे यांपैकी कोणत्याही पद्धतीच्या एका कापावरून सरासरी काढता येत नाही.

गाभा काढलेल्या छिद्रात सोडायचे ध्वनियंत्र कणाचा आकार सांगत नाही, पण बर्फ न कापता अक्षांच्या मांडणीची सलग सरासरी देते. जोडीला उत्तम, पर्याय नव्हे.

गाभा हाताळतानाची एक बाब सगळ्यांनाच लागू. ओढताना तुकडे फिरतात आणि उत्तर-दक्षिण हरवते. सलग तुकड्यांवर वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढलेली नसेल तर पट्टा दिसेल, पण तो कुठल्या दिशेला, हे कळणार नाही. दाबातून सुटलेला बर्फ साठवणीतही बदलत राहतो, म्हणून शक्य तितक्या लवकर कापावा.

गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात हिमगाभ्यांची उणे २० ची प्रयोगशाळा आहे. खऱ्या गाभ्याला हात लावण्याआधी मात्र सराव मुंबईतच व्हावा. ससून डॉकला मासळीसाठी येणारी बर्फाची लादी घ्या. ती डब्याच्या भिंतींकडून आत गोठते, त्यामुळे तिच्यात भिंतीला लंब वाढलेले लांबट स्फटिक असतात आणि मधोमध बुडबुड्यांचा पांढरा गाभा. स्वच्छ कडेचा तुकडा घ्या, एक काप भिंतीला समांतर आणि एक लंब काढा, आणि जुन्या एलसीडी पडद्याच्या दोन ध्रुवक फिल्मांमध्ये धरा. एका कापात गोलसर कण आणि दुसऱ्यात लांबट पट्टे दिसले, आणि प्रत्येक कणात रंग एकसारखा आला, तर तुमचा हात गाभ्यासाठी तयार आहे.