जुन्या स्पोर्ट्स कारच्या फॉग लॅम्पची काच: घासावी, जुनी शोधावी की नवी घ्यावी?

आपण सरसकट 'काच' म्हणतो, पण ती खरोखर काच आहे की प्लास्टिक, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. पोर्शेच्याच दोन गाड्या घेऊ. १९८२ ते १९९१ दरम्यान बनलेल्या ९४४ च्या बंपरमधले फॉग लॅम्प खऱ्या काचेचे. १९९६ मध्ये आलेल्या पहिल्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे ९८६ मध्ये, हेडलाइट, इंडिकेटर आणि फॉग लॅम्प हे सगळं पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या एकाच कवचाआड बसवलेलं. पहिलीची काच खडीने जाते, दुसरीची उन्हाने. त्यामुळे एकीला लागू पडणारा उपाय दुसरीला निरुपयोगी ठरतो.

ओळखायला सोपं आहे. नखाने वाजवली तर काचेचा आवाज टणक येतो, प्लास्टिकचा बोदा. युरोपातल्या दिव्यांवर अक्षरंही कोरलेली असतात: गोलातलं 'ई' आणि आकडा ही मान्यतेची खूण, 'बी' म्हणजे पुढचा फॉग लॅम्प आणि 'पीएल' असेल तर काच प्लास्टिकची.

काचेवर पैसे घालण्याआधी

बल्ब काढून त्या भोकातून टॉर्चने रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बमागचा चंदेरी आरसा, बघा. चंदेरी थर करपला असेल, पापुद्रे सुटले असतील, तर नवीकोरी काच लावूनही उजेड वाढणार नाही. तिथे अख्खा दिवाच बदलावा लागतो. रिफ्लेक्टरला फडकं लावू नका, तो थर बोटानेही निघतो. धूळ असेल तर हवेने उडवा, फार तर डिस्टिल्ड वॉटरने विसळून उलटा टांगून वाळवा.

दुसरं, दिवा चालू ठेवून बल्बच्या टोकांवर मल्टिमीटर लावा आणि तो आकडा बॅटरीच्या व्होल्टेजशी ताडून बघा. व्होल्टेज १० टक्के कमी पोचलं तर हॅलोजनचा उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेली अर्थ वायर साफ केल्यावर 'काच खराब झालीय' ही तक्रार मिटल्याचं अनेकदा दिसतं.

खरी काच असेल तर

काचेवर खडीने टवके उडतात. टवक्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर पॉलिशचा विचार सोडून द्या. सेरियम ऑक्साइड काचेचे अगदी पुसट चरे काढतं; टवक्याच्या तळापर्यंत पोचायचं तर आजूबाजूची सगळी काच तितकी झिजवावी लागेल. तासन्‌तास घासून हाती येते ती लाटा आलेली, प्रकाश वेडावाकडा फेकणारी काच.

वायपरच्या रेघांसारखे बारीक चरे किंवा पाण्याच्या क्षारांचे डाग एवढंच असेल, तर मात्र पॉलिश जरूर करा. सेरियम ऑक्साइडची पूड काच-आरशांच्या कारागिरांकडे मिळते. पाण्यात कालवून दाट दुधासारखी करायची, ड्रिलला ५० ते ७५ मिलिमीटरचं फेल्टचं पॅड लावायचं आणि वेग मिनिटाला १,२०० फेऱ्यांच्या आत ठेवायचा. पॅड एका जागी थांबू द्यायचं नाही, सुकू तर अजिबात द्यायचं नाही: सुकलं की तेवढीच जागा तापते आणि काच तडकते. काचेला हात लावून बघत राहा. कोमटपेक्षा गरम लागली की थांबा. अर्ध्या-पाऊण तासात फरक दिसला नाही तर पुढेही दिसणार नाही. आजूबाजूच्या काळ्या रबराला आधी टेप लावा, कारण ही पूड त्यात शिरून वाळली की पांढरट डाग कायमचा राहतो.

टवके खोल असतील किंवा तडा गेला असेल, तर जुना अस्सल दिवा की नवी नक्कल, एवढाच प्रश्न उरतो. आमचं मत स्पष्टपणे जुन्या अस्सल दिव्याच्या बाजूने आहे. काचेच्या आतल्या बाजूच्या उभ्या रेघा शोभेसाठी नसतात. प्रकाश आडवा पसरवायचं काम त्याच करतात. नकलेत त्या बोथट असल्या की झोताची वरची कड पुसट होते, आणि धुक्यात उजेड वर गेला की तो धुक्यावरून परतून आपल्याच डोळ्यांवर येतो. काही नकला प्लास्टिकच्या असतात. मूळ दिवा काचेसाठी आखलेला असेल तर ५५ वॅटच्या बल्बच्या उष्णतेनेच त्या मधोमध धुरकट होतात.

जुना दिवा घेताना विकणाऱ्याकडून मागून टॉर्च धरून काढलेला फोटो मागवा. समोरून काढलेल्या फोटोत टवके लपतात. बसवायचे कान शाबूत आहेत का, तेही विचारा. शक्यतो जोडीच घ्या, कारण दोन वेगळ्या कंपन्यांच्या काचांच्या रेघा जुळत नाहीत. फॉग लॅम्पचा झोत दोन्ही बाजूंना सारखा असतो, त्यामुळे ९४४ साठी जर्मनीतल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा दिवा इंग्लंडमधल्या किंवा भारतातल्या गाडीला चालतो.

९८६ ला ही सवलत नाही. तिथे फॉग लॅम्पसोबत हेडलाइटही येतो आणि त्याचा झोत रस्त्याच्या बाजूनुसार तिरका असतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा संच आपल्याकडे लावला तर समोरच्याचे डोळे दिपतात.

प्लास्टिक असेल तर

इथे उलट, आधी दुरुस्तीच करावी. कंपनीने दिलेला वरचा संरक्षक थर उन्हाने मरतो आणि पिवळेपणा तिथून सुरू होतो. काच ओली करून बघा: ओली असताना स्वच्छ दिसली तर बिघाड वरच्या पृष्ठभागात आहे आणि घासून जाईल. ओली करूनही आत बारीक जाळं दिसत राहिलं तर भेगा खोल आहेत. मेहनत वाया जाईल.

९८६ चा दिवा काढून घेऊनच काम करा. पुढच्या डिकीतला गालिचा सरकवून, बूच काढून, पान्याने कुलूप फिरवलं की अख्खा संच पुढे सरकतो.

वॉटर पेपर ८००, १,०००, २,००० आणि ३,००० नंबरचा, याच क्रमाने. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. एक नंबर आडवा, पुढचा उभा घासला की मागच्याचे चरे राहिलेत का ते लगेच कळतं. ८०० ने सुटणारं पाणी आधी पिवळट दुधाळ असतं. ते शुभ्र झालं की जुना थर पूर्ण गेला. तो कुठे अर्धवट राहिला तर नव्या थराखाली नकाशासारखी कड उमटते. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर किंवा ॲसिटोनने पॉलिकार्बोनेटला भेगा पडतात.

यानंतर अतिनील किरण अडवणारा, हार्डनर मिसळलेला क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप: आधी दोन पातळ हात, मग एक ओला, मध्ये दहा-दहा मिनिटं, मग २४ तास हात लावायचा नाही. या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं, म्हणून बाष्प अडवणारा रेस्पिरेटर हवाच. साधा कापडी मास्क उपयोगाचा नाही. टूथपेस्टने किंवा रबिंग कंपाऊंडने आलेली चमक थोडे दिवसच टिकते, कारण वर संरक्षक थरच राहत नाही.

बसवताना

काच पुन्हा चिकटवायची असेल तर न्यूट्रल सिलिकॉनच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ रिफ्लेक्टर काळवंडवते. दिव्याचं श्वासाचं भोक बुजवू नका, नाहीतर पहिल्याच पावसात आत दव धरेल. शेवटी सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवा.