सिलिकॉन की गॅलियम आर्सेनाइड? क्वांटम फोटॉनिक चिप निवडताना

रत्नागिरीत एमएस्सी फिजिक्स करणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारलं, "मामा, पीएचडीला क्वांटम फोटॉनिक्सच घ्यायचंय. पण चिप कसली धरू, सिलिकॉनची की गॅलियम आर्सेनाइडची?" कोकणातल्या आणखी कुणापुढे हाच प्रश्न असेल, म्हणून इथे लिहितो.

क्वांटम फोटॉनिक चिप म्हणजे एकेका फोटॉनवर, म्हणजे प्रकाशाच्या कणावर, काम करणारी चिप. माझ्या मते सगळं एका गोष्टीवर ठरतं: फोटॉन जन्माला कसा येतो.

सिलिकॉनचा बँडगॅप (इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी) अप्रत्यक्ष, म्हणजे ती उतरताना इलेक्ट्रॉन सहज फोटॉन सोडत नाही, त्यामुळे तो स्वतः नीट प्रकाश देत नाही. बाहेरून लेसर सोडायचा आणि वेव्हगाइडमध्ये, म्हणजे चिपवरच्या प्रकाशाच्या वाटेत, त्याचे दोन फोटॉन नाहीसे होऊन त्यांच्या जागी फोटॉनांची नवी जोडी येण्याची वाट बघायची. लेसर वाढवला तर एकाच वेळी दोन जोड्या पडतात आणि प्रयोग बिघडतो, म्हणून जोडीची शक्यता मुद्दाम कमी ठेवावी लागते. समजा, असा एक स्रोत लेसरच्या वीस पल्समागे (झोतांमागे) एकदा जोडी देतो. असे चार स्रोत एकाच पल्सला लागण्याची शक्यता १,६०,००० मध्ये एक! चिप मोठी करायला गेलं की हे गणित आडवं येतं.

गॅलियम आर्सेनाइडचा बँडगॅप थेट. त्यात इंडियम आर्सेनाइडचे क्वांटम डॉट, म्हणजे एका वेळी एक फोटॉन देणारे अतिसूक्ष्म ठिपके, वाढवले की फोटॉन जवळजवळ हुकमी मिळतो. पण डॉट वाढताना कुठेही बसतात, दोन डॉटांची तरंगलांबी क्वचितच जुळते आणि चिप ४ केल्विनच्या (उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास थंड ठेवावी लागते. (सिलिकॉनलाही थंडी पूर्ण चुकत नाही, एकेक फोटॉन टिपणाऱ्या सुपरकंडक्टिंग डिटेक्टरला ती लागतेच.)

तिसरी वाटही आहे. रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधावी, तसा डॉट असलेला पातळ थर सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवर बसवतात. मला ही वाट फार आवडते, पण सांध्यात फोटॉन गळतात आणि ती गळती कमी करणं हेच खरं काम आहे.

घरापासून सुरुवात करायची तर मात्र सिलिकॉनच. मीप हे सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर मोफत आहे, आणि सामायिक वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) अनेकांची डिझाइनं एकत्र छापून देणाऱ्या फाउंड्री, म्हणजे चिपचे कारखाने, आहेत. डॉट वाढवायला मात्र मोठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचं संगणनाचं केंद्र बंगळुरूच्या आयआयएस्सीत आहे, सेन्सिंगचं आयआयटी मुंबईत.

भाचीला सांगितलं, या पावसाळ्यात मीपमध्ये एक डायरेक्शनल कप्लर, म्हणजे प्रकाश वाटून देणाऱ्या दोन शेजारच्या वेव्हगाइड, बसव आणि प्रकाश बरोबर निम्मा-निम्मा वाटून दाखव. त्यानंतरही मन स्रोतापाशीच घुटमळत राहिलं, तर खुशाल डॉटकडे वळ.