कानातलं खाजं आणि केळीच्या पानावरची साखळी

दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तिथे दागिने करणाऱ्या मुलीनंच हात जोडून सांगितलं, "काकी, नाव नको घालू. दोन महिन्यांच्या ऑर्डरी तुंबल्यात, लोक आता घरी येऊन बसतात." तेव्हा एवढंच सांगते की जागा वेंगुर्ल्यात आहे, बाजारापासून चालत पाच-सात मिनिटं. दुकान कसलं, एका चिरेबंदी घराची पडवी. दोन टेबलं, एक ओटीजी, भिंतीला टांगलेलं कापड आणि पार्लरमध्ये नखं वाळवायला ठेवतात तसला निळ्या उजेडाचा दिवा. ही मुलगी गोडाधोडाच्या आकाराचे दागिने करते. दुकानाला दोन वर्षं झाली म्हणून शनिवारी दुपारी कार्यक्रम होता, त्याचं बोलावणं आलं आणि मी सावंतवाडीहून एसटीच्या अर्ध्या तिकिटात गेले.

माझा या सगळ्याशी संबंध कसा, तर माझ्या भाचीमुळे. ती टोकियोत निशी-कासाईला असते, आपली बरीच माणसं त्या भागात आहेत. दोन दिवाळ्यांमागे आली तेव्हा माझ्यासाठी डबी घेऊन आली. डबीत साखळी, साखळीला गुलाबी रंगाचं एक गोल बिस्कीट, मधे क्रीम. मी म्हटलं, ह्या खावचा की घालूचा? ती हसून लोळायची बाकी राहिली. तो मॅकरॉन होता, म्हणजे बदामपिठाच्या फ्रेंच बिस्किटाचा दागिना. मी तो चष्मा लावून पाहिला. वरचा भाग अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत आणि खालच्या काठाला बारीक फेसाळ, खरबरीत झालर, भट्टीत फुगून आल्यासारखी. ती झालर ज्यानं केली त्यानं खरा मॅकरॉन हातात धरून नीट पाहिला असणार. मी गणपतीत उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे माझं लक्ष आधी कडांकडेच जातं.

त्या ब्रँडचं नाव क्यू-पॉट. तादाआकी वाकामात्सु नावाच्या डिझायनरनं तो २००२ साली सुरू केला. चॉकलेट, क्रीम, बिस्किटं, मॅकरॉन, सगळं गळ्यात-कानात घालायचं. टोकियोच्या ओमोतेसांदो भागात त्यांचं कॅफेही आहे. भाचीनं तिथल्या बशीचा फोटो दाखवला होता. बशीवर चॉकलेटनं गळ्यातली साखळी काढलेली आणि लॉकेटच्या जागी खराखुरा खायचा मॅकरॉन. म्हणजे दागिना खाऊसारखा आणि खाऊ दागिन्यासारखा. मला हे फार आवडलं. पण नवल वाटलं नाही. मी सावंतवाडीची. चितार आळीतली लाकडी फळं पाहत लहानाची मोठी झाले. लाकडाचं सीताफळ, लाकडाची केळी, पाहुण्यांच्या पोरांनी दात लावलेला लाकडी आंबा आमच्या शोकेसमध्ये अजून आहे. आणि रुखवत तरी काय असतं? निम्मं खायचं, निम्मं बघायचं, आणि कुठलं कुठल्यातलं ते वरमाईला कळू नये हीच तर गंमत.

वेंगुर्ल्याची मुलगी जपानला कधी गेलेली नाही. कॉलेजात असताना तिनं या जपानी दागिन्यांचे फोटो पाहिले आणि मोबाईलवर बघून बघून शिकली. सुरुवातीला तिनंही मॅकरॉन, डोनट, स्ट्रॉबेरी केक हेच केलं. तो माल अजून एका टेबलावर आहे. ठीक आहे, पण त्यासाठी वेंगुर्ल्याला जायची गरज नाही, असे कानातले आता मुंबईत लोकलच्या डब्यातही मिळत असतील. त्या टेबलापाशी एक आजोबा मॅकरॉन बोटात धरून "क्रीमचं बिस्कीट चांगलं केलंय" म्हणाले, आणि तिचा चेहरा जरा उतरला.

दुसऱ्या टेबलासाठी मात्र मी पुन्हा जाईन. तिथे आपलं खाणं होतं. तवसळीचा, म्हणजे काकडीच्या केकचा तुकडा, हळदीच्या पानात अर्धी उघडी पातोळी, सातकापाचं घावन, शेंगदाण्याचा लाडू, आणि खाजं. मालवणी खाजं ज्यानं जत्रेत खाल्लंय त्याला सांगायला नको. बेसनाची तळलेली जाड कांडी, वर आल्याच्या गुळाचा थर, तो कुठे चकचकीत तर कुठे दाणेदार. तिनं कानातल्यासाठी बोटाच्या दोन पेरांएवढ्या तीन-तीन कांड्या एकमेकींना चिकटलेल्या केल्यात, पुड्यात खाजी चिकटून बसतात तशा. एका कांडीचा गूळ टोकाला उडालाय आणि आतलं पिवळं बेसन दिसतंय. मी मुद्दाम दुसरी जोडी पाहिली, तिथे गूळ मधेच उडालेला. म्हणजे साच्यातून काढलेलं नाही, प्रत्येक कांडी हातची.

हे कसं करतेस विचारल्यावर तिनं तिथेच करून दाखवलं. ही माती म्हणजे पॉलिमर क्ले, भाजल्यावर कडक होणारी प्लास्टिकची माती. हातानं वळायची, सुईनं आणि जुन्या टूथब्रशनं टोचून पृष्ठभाग खडबडीत करायचा, मग ओटीजीत साधारण एकशे दहा ते एकशे तीस अंशांवर भाजायची, पाकिटावर जे लिहिलंय त्याप्रमाणे. जास्त तापली तर जळते आणि घरभर वास सुटतो, कमी तापली तर नंतर तुटते. आमच्या नानकटाईचं शास्त्र याहून वेगळं नाही. तळल्याचा तांबूस रंग मात्र रंग लावून येत नाही. त्यासाठी ती चित्रकलेचे सुके पेस्टल खडू ब्लेडनं खरवडते आणि ती पूड मऊ ब्रशनं फक्त कडांना चोळते. जपानात असे दागिने करणारी मंडळी केकचा भाजलेपणा असाच आणतात म्हणे. एका फिकट कांडीवर तिनं ब्रश फिरवला आणि डोळ्यांदेखत ती तळून निघाली. कसं सांगू, माझ्या नाकाला आल्याचा वास आला.

गुळाची चकाकी रेझिनची, म्हणजे काचेसारखं कडक होणाऱ्या पारदर्शक द्रवाची. ते त्या निळ्या दिव्याखाली कडक होतं. आता हे दाखवायची वेळ आली आणि लाईट गेली. वेंगुर्ल्यात दुपारी तीनला लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, पण पडवीत तीस-पस्तीस माणसं आणि पंखा बंद. मुलीची आई लगेच म्हणाली, "अगो, उन्हात ठेव." आणि खरंच, अंगणात वाळत घातलेल्या कोकमांच्या शेजारी ताट ठेवलं तर थोड्या वेळात रेझिन कडक. या जातीच्या रेझिनला दिवा लागतो तो त्यातल्या अतिनील किरणांसाठी, आणि ते किरण उन्हात फुकट असतात. दोन डब्यांतली द्रव्यं मिसळून करायचं रेझिन वेगळं, त्याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो आणि पावसाळ्याच्या दमटपणात ते चिकट तरी राहतं नाहीतर दुधट होतं. म्हणून जून ते सप्टेंबर ती त्याला हात लावत नाही. हे तिनं नुकसान सोसून शिकलेलं आहे, पहिल्या पावसाळ्यात चाळीस-एक लाडू फुकट गेले म्हणाली.

खाण्याचं सांगते. त्या टोकियोच्या बशीची नक्कल करायचं तिच्या मनात होतं. पण तिनं बशी घेतली नाही, केळीचं पान घेतलं, आणि चॉकलेटच्या जागी काकवी. पानावर काकवीनं साखळी काढलेली, खाली लॉकेट म्हणून सुपारीएवढा उकडीचा मोदक. कल्पनेला शंभर पैकी शंभर. पण केळीचं पान गुळगुळीत, मधे शीर, दोन्ही बाजूंना उतार, आणि काकवी उन्हानं पातळ झालेली. माझ्यापर्यंत पान येईस्तोवर साखळी तुटून मण्यांची झाली होती, मग ते मणीही ओघळत ओघळत मोदकाशी जमले. माझ्या शेजारच्या बाईंच्या पानावरून काकवी थेट साडीवर. जपानी बशी सपाट असते गो, म्हटलं तिला. पुढच्या वेळी घट्ट गूळ घे, नाहीतर पानाखाली पत्रावळ ठेव.

मोदकाबद्दल मी गप्प बसणार नाही. एवढ्या लहान मोदकाला अकरा कळ्या होत्या, मी मोजल्या. उकड थोडी कोरडी, नाक जाड. दागिन्यातल्या मोदकाला मात्र एकवीस कळ्या आणि नाक सुईसारखं. तिला म्हटलं, तुझ्या मातीला जमतं ते तुझ्या उकडीला जमत नाही. तर म्हणते, "उकड आईची होती." आई मागेच उभी होती.

भाचीनं व्हिडिओ कॉलवरून कार्यक्रमात भाग घेतला. तिनं तिथल्या खोट्या पदार्थांची गोष्ट सांगितली, हॉटेलाच्या काचेमागे ठेवतात ते भात-आमटीचे नमुने. गुजो हाचिमान गावचे इवासाकी ताकिझो यांनी १९३२ मध्ये ओसाकात हा धंदा सुरू केला, त्यांचा पहिला मेणाचा पदार्थ ऑम्लेट. आता मेणाऐवजी प्लास्टिक असतं. पाटी वाचता न येणारा माणूसही बोट दाखवून जेवण मागवू शकतो. यावर मागून एक जण म्हणाला, "मालवणात ठेव गो असा, पर्यटकांक सुरमई आणि बांगड्यातला फरक कळात." तीस माणसांत सगळ्यात जास्त हशा यालाच आला, आणि मला वाटतं धंद्याच्या दृष्टीनं सगळ्यात शहाणं बोलणंही तेच होतं.

आता तक्रार. गेल्या वर्षी मी हिच्याचकडून मोदकांचे कानातले घेतले होते. मोदक आजही जसेच्या तसे आहेत, पण हुक श्रावण संपता संपता हिरवे-काळे पडले आणि माझ्या कानाची पाळी खाजून लाल झाली. खारा वारा आणि घाम, इथे स्वस्त धातू टिकत नाही. चित्रातल्या जपानी मालाची नक्कल करताना समुद्राकाठी राहतो हे विसरून चालत नाही. तिला फोनवर ऐकवलं होतं. तिनं वाद घातला नाही, हुक बदलून दिले, आणि आता सगळा माल सर्जिकल स्टीलच्या हुकांवर आहे. चार महिने घालतेय, अजून डाग नाही. दुसरी तक्रार डबीची. पुठ्ठ्याच्या डबीला ती गुळाच्या वासाचं काहीतरी लावते, हौस म्हणून. माझ्या कपाटात मुंग्यांची रांग लागली होती. खोट्या खाज्याला खऱ्या मुंग्या! हे बंद कर असं मी सगळ्यांसमोर सांगितलं आणि दोन बायकांनी माना डोलावल्या.

लहान मुलं असतील तर सांभाळा. शनिवारीच एका चार वर्षांच्या पोरानं लाडवाची अंगठी तोंडात घातली. गिळली नाही, पण लाडवावर दातांची खूण राहिली. ती अंगठी मुलीनं विकायला न ठेवता स्वतःच्या बोटात घातली.

भाव असे: खाज्याचे कानातले साडेचारशे, तवसळीचं लॉकेट साडेतीनशे, पातोळीची पिन तीनशे. मॅकरॉन दोनशे. महाग म्हणणारे म्हणोत, एका जोडीला किती वेळ लागतो ते मी बघून आलेय. घासाघीस करू नका, ती भाव कमी करत नाही, फक्त कसनुशी हसते. यूपीआय चालतं, पण पडवीत रेंज नाही, अंगणात आंब्याखाली जावं लागतं. पातोळीच्या पिनेचं पान जरा जास्तच हिरवं आहे, वाफेवर शिजलेलं हळदीचं पान असं नसतं, पिवळट-काळपट होतं. हे तिला सांगायचं राहिलं, वाचत असशील तर बघ.

मी खाज्याची जोडी माझ्यासाठी घेतली आणि तवसळीचं लॉकेट भाचीसाठी. मे महिन्यात येईल तेव्हा देईन. टोकियोतल्या तिच्या ऑफिसात कुणी विचारलं हा कसला केक, तर काकडीचा म्हणून सांगताना तिची काय तारांबळ उडेल ते मला बघायचंय.

जोडी तिथेच कानात घातली आणि साडेपाचच्या गाडीत बसले. कंडक्टर बाई तिकीट फाडता फाडता थांबली. माझ्या कानाकडे वाकून बघितलंन आणि म्हणाली, "जत्रा अजून आठ दिवसांवर असा, तुमका खाजा खूय गावला?"