खिशातली बॅटरी आणि शिवाराचा पल्ला

बॅटरी घ्यायला गेलं की दुकानदार आधी लुमेन सांगतो. पाच हजार, दहा हजार. एकानं तर मला तीस हजार लुमेन सांगितले आणि किंमत साडेचारशे! लांबचं बघायला बॅटरी हवी असेल तर लुमेनचं कौतुक बाजूला ठेवा आणि कँडेला किती ते विचारा. लुमेन म्हणजे बॅटरीतून एकूण बाहेर पडणारा उजेड. तो चहूकडे सांडला तर पलीकडच्या बांधावर काही पोचत नाही. एका दिशेला झोत किती जोराचा आहे हे कँडेला सांगतो. दुकानदाराला हा शब्द माहीतच नसेल तर तिथून निघालेलं बरं.

आमचं रान जिंतूर तालुक्यात, शिवाराच्या पार टोकाला. हरभरा-गव्हाला पाणी द्यायचं तर लाईट बऱ्याचदा रात्रपाळीची. आखाड्यापासून, म्हणजे रानातल्या खोपीपासून, डीपी (खांबावरचा ट्रान्सफॉर्मर) मोबाइलच्या नकाशावर सव्वादोनशे मीटर भरतो. मोटार मधेच थांबली की पहिला सवाल एकच, फेज गेला (तीन तारांपैकी एकीची वीज गेली) का डीओ (डीपीवरचा फ्यूज) पडला? ते बघायला भिजलेल्या सऱ्यांतून, अंधारात, घोणशीच्या दिवसांत डीपीपर्यंत तंगडतोड करायची. ती वाचावी एवढ्यासाठीच मला लांब पल्ल्याची बॅटरी हवी होती, आणि दोन्ही हातांत खोरं असतं म्हणून ती खिशात मावणारी हवी होती.

डब्यावरचा पल्ला कसा काढतात ते सांगतो, कारण खरी फसगत तिथंच होते. कँडेलाचं वर्गमूळ काढायचं आणि दुप्पट करायची, तेवढे मीटर. १० हजार कँडेला म्हणजे २०० मीटर, ४० हजार म्हणजे ४०० मीटर. हे एफएल१ नावाचं माप आहे आणि नावाजलेल्या कंपन्या तेच छापतात. आकडा खोटा नसतो, पण त्या अंतरावर उरणारा उजेड असतो पाव लक्स, म्हणजे स्वच्छ आभाळातल्या पुनवेच्या चांदण्याएवढा. चारशे मीटरवर चांदण्यात उभी असलेली वस्तू झुडूप आहे का जनावर, हे आखाड्यावरून कुणाला कळणार? अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. म्हणून डब्यावरच्या आकड्याचे सरळ दोन भाग करा, आणि काय आहे ते ओळखायचं असेल तर तीन.

पल्ला येतो दोन गोष्टींतून. आतली एलईडी जेवढी बारीक आणि समोरचा आरसा जेवढा रुंद व खोल, तेवढा झोत लांब जातो. मग छोटी बॅटरी लांब कशी मारणार? इथं तडजोड आहेच. बोटाएवढ्या जाडीच्या, पंचवीस मिलिमीटर तोंडाच्या बॅटऱ्या सदऱ्याच्या खिशात छान बसतात, पण त्यांच्या उजेडात शंभर मीटरच्या पुढचं मला काही ठरवता येत नाही. पांढऱ्या लेसरवर चालणाऱ्या एलईपी बॅटऱ्या छोट्या असून फार लांब मारतात, पण त्यांचा झोत सळईसारखा बारीक, आजूबाजूचं काही दिसत नाही आणि किंमत ऐकून खोरं खाली पडेल.

मी घेतली ती सी८ घाटाची. हा घाट बऱ्याच कंपन्या काढतात. १८६५० मापाचा एक लिथियम सेल, चव्वेचाळीस मिलिमीटरचं तोंड, आत गुळगुळीत चकचकीत आरसा, लांबी वीतभरही नाही. आरशाला संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असलेलीही मिळते. तिचा उजेड मऊ पडतो, पण पल्ला थोडा घटतो. माझ्या डब्यावर ९०० लुमेन आणि ४० हजार कँडेला लिहिलं होतं. सदऱ्याच्या खिशात ती मावत नाही, बंडीच्या आतल्या खिशात मावते.

आखाड्याच्या ओट्यावरून डीपीवर झोत टाकला तर दोन्ही खांब आणि ट्रान्सफॉर्मरचा डबा दिसतो, पण डीओचं नक्की सांगता येत नाही. तिथून विहिरीपर्यंत गेलं, म्हणजे अंतर निम्म्यावर आलं, की तिन्ही डीओ वेगवेगळे दिसतात आणि एखादा खाली लटकत असेल तर तोही कळतो. तेवढ्यानं माझं काम झालं. पडला असेल तर वायरमनला फोन करायचा. त्याला हात लावायला आपण जायचं नाही, काठीनंसुद्धा नाही.

जनावरांचं म्हणाल तर रोह्याचे (नीलगाईचे) आणि कोल्ह्याचे डोळे झोतात लखलखतात, कारण त्यांच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परत फेकणारा पडदा असतो. डुकराला तो पडदाच नाही. त्यामुळे जागलीला बसून डोळे चमकायची वाट बघाल तर रानडुकरं भुईमूग उकरून जातील आणि पत्ता लागणार नाही. डुकराचं अंग दिसायला हवं, म्हणून मधल्या झोताभोवती थोडा सांडता उजेडही लागतो. आरशाच्या बॅटरीत तो असतो. झूमच्या बॅटरीत भिंग पुढं ओढलं की आजूबाजूचा उजेड वाया जातो आणि समोर नुसता एक पिवळट चौकोन पडतो. मेव्हण्यानं जत्रेतून आणलेल्या झूमवालीत पहिल्याच पावसात भिंगामागं पाणी साचलं होतं, ते वेगळंच. (शिकारीसाठी बॅटरी शोधणाऱ्यांनी हे वाचू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रोही आहे, काळवीटही आहे.)

आता दोष. बटण अर्धवट दाबलं की ही बॅटरी मधेच लुकलुक सुरू करते, आणि ते कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. जोराच्या उजेडावर काही मिनिटं ठेवली की तोंड तापतं आणि उजेड आपोआप उतरतो. पुसात चालतं, वैशाखात लवकर उतरतो. हिवाळ्यात पहाटे धुकं असलं की झोताचा पांढरा खांब डोळ्यांपुढं उभा राहतो आणि पलीकडचं दिसेनासं होतं. निळसर पांढऱ्या उजेडापेक्षा ५,००० केल्विनचा जरा उबदार उजेड डोळ्याला सोसतो, मातीचा रंगही खरा दिसतो. आणि पायाखाली बघायला ही कामाची नाही. इतक्या तेज ठिपक्याकडं बघितलं की कडेचा अंधार आणखी दाट वाटतो, नेमकं साप असतो तिथं. पायासाठी मी कपाळाला बांधायची साधी पसरट बॅटरी वेगळी ठेवली आहे. दोन्ही कामं एकीत करायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

सेलवर मात्र कंजुषी नको. १८६५० सेलची साठवण ३,५०० ते ४,००० एमएएचला संपते, आणि बाजारात ९,९०० लिहिलेले सर्रास मिळतात. मी तसला एक सोनाराच्या काट्यावर ठेवला तर भरला तेहतीस ग्रॅम. चांगला सेल सत्तेचाळीस. सोनार म्हणाला, ‘‘दादा, घडणावळ तेवढी जास्त दिसते!’’ आत संरक्षण सर्किट असलेला (प्रोटेक्टेड) सेल घ्या, आणि सुटा सेल खिशात किल्ल्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट होतो. बॅटरी, दोन सेल आणि चार्जर मिळून मला अडीच हजारांच्या आत पडलं. जादा सेल ठेवायला स्टार्टरची पेटी सोयीची वाटते, पण पत्र्याची पेटी उन्हाळ्यात भाजते. तो घरातच ठेवा आणि संध्याकाळी जेवणाच्या डब्याबरोबर न्या.