घर खरं, चावी खरी, मालक खोटा

घर बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, असं सगळेच सांगतात. मी घर बघितलं होतं, तेही दोनदा. गॅलरीत उभी राहिले, नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला, चावीने स्वतः कुलूप उघडलं. तरीही चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे गेले. म्हणून हे लिहितेय.

मला आणि आईला दोन खोल्या हव्या होत्या, ऑफिसला चालत जाता येईल अशा भागात. भाडं पगाराच्या 30 टक्क्यांच्या आत बसवायचं ठरवलं होतं. त्या भागात ते निम्म्यापर्यंत जात होतं. सात आठवडे शोधत होते. कुठे डिपॉझिट झेपेना, कुठे दलाली, कुठे दोघी बायकाच राहणार म्हटल्यावर पुढचा फोनच आला नाही. जुनं घर सोडायला 10 दिवस उरले होते आणि आई रोज संध्याकाळी फक्त एवढंच विचारायची, "काही जमलं का गं?" त्याच आठवड्यात ती जाहिरात दिसली.

भाडं आसपासच्या घरांपेक्षा साधारण 20 टक्के कमी. निम्मं असतं तर मी पुढे गेलेच नसते. एवढा फरक मात्र आपण नशीब म्हणून मान्य करून टाकतो.

माणूस तिशी-पस्तिशीचा, बोलायला शांत. "ताई, घाई करू नका, आईंना घेऊन या, त्यांना आवडलं पाहिजे." आई आली तेव्हा त्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली, जिना चढताना तिची पिशवी घेतली. त्याची बदली झाली होती म्हणे, घर बंद ठेवायचं नव्हतं, भाड्यापेक्षा माणसं चांगली हवी होती. दुसऱ्या भेटीत करारनामा तयार होता, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. फोटो इतका काळा आला होता की कोणाचाही असू शकला असता. तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं एकदम भरायचं होतं. खातं बायकोच्या नावावर, कारण घराचे हप्ते तिच्या खात्यातून जातात, असं त्याने सांगितलं. आणखी एक कुटुंब संध्याकाळी टोकन द्यायला येणार आहे, हेही जाता जाता सांगितलं. मी तिथेच उभ्या उभ्या पैसे पाठवले. त्याने चावी दिली.

सहा दिवसांनी, एक तारखेला, टेम्पो खाली उभा करून आम्ही वर गेलो. चावी लागली, दार उघडलं. आत एक जोडपं नाश्ता करत होतं. बाजूला त्यांच्या प्रवासाच्या बॅगा. ते घर मुळात दिवसांच्या हिशेबाने पर्यटकांना दिलं जाणारं होतं. आमच्या माणसाने ते चार दिवसांसाठी घेतलं होतं, चावीच्या नकला करून घेतल्या होत्या आणि त्या चार दिवसांत किती जणांना दाखवलं कोण जाणे. आम्ही दारातच उभ्या असताना आणखी एक कुटुंब सामान घेऊन जिना चढत आलं. त्यांच्या हातातही तशीच चावी होती. आई पायरीवर बसून राहिली. ते मला अजून सहन होत नाही.

खूण समोर होती. स्वयंपाकघराच्या दारामागे प्लास्टिकच्या आवरणातला एक कागद लावलेला होता. त्यावर वायफायचा पासवर्ड, कचरा कुठे ठेवायचा ते, आणि शेवटची ओळ: निघताना चावी खालच्या पेटीत टाकावी. मी तो कागद पूर्ण वाचला होता. स्वतःच्या घरात असा कागद कोण लावतं? कपाटात एकसारखे घडी घातलेले चार पांढरे टॉवेल होते. कपडे एकही नव्हते. पुस्तक नाही, औषधाची बाटली नाही, देवाचा फोटो नाही. वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाचं काही ना काही मागे राहतंच.

त्या दिवशी बँकेला फोन केला, पोलिसांत तक्रार दिली. माझे पैसे ज्या खात्यात गेले ते केव्हाच रिकामं झालं होतं. तिथून पुढच्या खात्यात आणि मग रोख. जिन्यात भेटलेल्या त्या कुटुंबाने आदल्याच रात्री पैसे भरले होते, त्यांची थोडी रक्कम बँकेला गोठवता आली. तेव्हा संशय आला तर पत्र-अर्ज लिहीत बसू नका, आधी आपल्या बँकेच्या फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या नंबरवर फोन करा. पावती, मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. आमची जाहिरात त्याच दिवशी गायब झाली होती.

आता काय करते ते सांगते. दाखवणारा माणूस सोबत नसताना, वेगळ्या वेळी एकटी जाते आणि शेजारची बेल वाजवते. "या घराचे मालक कोण?" एवढाच प्रश्न. शेजारी आणि वॉचमन यांना सगळं माहीत असतं, मी त्यांना विचारलंच नव्हतं. घराच्या मालकीचा कागद, ओळखपत्र आणि बँक खातं, तिन्हीकडे एकच नाव हवं. कारण कितीही पटणारं असो, दुसऱ्याच्या खात्यात पैसे नाहीत. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर टाकून ते आणखी कुठे दिसतात ते शोधून बघते. तेच घर दुसरीकडे दिवसांच्या भाड्याने दिसलं तर तिथेच थांबायचं. आणि करार रीतसर नोंदवल्याशिवाय डिपॉझिट देत नाही. खरा मालक त्याला एक-दोन दिवस थांबतो.

हे सगळं विचारताना संकोच वाटतो, समोरच्याला वाईट वाटेल असं वाटतं. मला तर त्याने आईला खुर्ची दिल्यावर कागद मागायचीच लाज वाटली होती.

शेवटी घर मिळालं, ऑफिसपासून बरंच लांब, चालत जाता येत नाही. मालकीणबाईंना मी मालकीचा कागद मागितला तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग आत गेल्या, फाइल आणि वीजबिल घेऊन आल्या आणि आईच्या हातात दिलं. आईने चष्मा लावला आणि दोन्हीवरचं नाव मोठ्याने, एकेक अक्षर करत वाचलं.