८०८ च्या खोक्यात मेमरी कार्ड : २,९९,८५० रुपयांचा गंडा

रक्कम आधी सांगतो, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. टोकन म्हणून २०,००० रुपये, पॅकिंगच्या आधी १,२५,००० रुपये, कुरिअरची पावती दाखवल्यावर १,५०,००० रुपये आणि 'ट्रान्झिट इन्शुरन्स'च्या नावाखाली ४,८५० रुपये. एकूण २,९९,८५० रुपये. बदल्यात रोलँड टीआर-८०८ हे जुनं ड्रम मशीन म्हणून जे आलं, त्याच्या पोटात एक मायक्रोकंट्रोलर बोर्ड, एक मेमरी कार्ड आणि कार्डावर रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या १६ वेव्ह फाइल्स. वरचं पॅनल, लाल-केशरी-पिवळी-पांढरी बटणं, नॉब हे सगळं दिसायला बरोब्बर. आवाजाचं एकही सर्किट आत नाही.

टोकन घ्यायचं, 'अजून दोघं मागे लागलेत' म्हणायचं, मग 'आज पॅक करतोय, उरलेले टाका' ही रीत सगळ्यांना पाठ आहे. आम्हालाही होती. म्हणून तर पैसे हप्त्यांत दिले, व्हिडिओ मागितला, आतल्या बोर्डांचे फोटो मागितले, सिरियल नंबर मागितला, लाइन-आउटवरून थेट घेतलेली वेव्ह फाइल मागितली. त्या भामट्याने यातलं सगळं दिलं. भावही मातीमोल नव्हता. ३,४०,००० सांगितले, २,९५,००० ला सौदा ठरला. 'स्वस्तात मिळतंय म्हणून हुरळले असतील' असं ज्यांना वाटतंय, त्यांनी चालू स्थितीतल्या ८०८ चा आजचा भाव आधी बघावा.

गळ कुठला होता तेही सांगतो. हे मशीन १९८० ते १९८३ एवढंच निघालं, सुमारे १२,००० नग. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी यासाठी मुद्दाम नापास ट्रान्झिस्टर घेतले होते, त्यांच्या खरखरीतूनच तो चुरचुरीत आवाज येतो. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्यांची प्रत सुधारली, नापास माल मिळेनासा झाला आणि ८०८ बंद झालं. म्हणजे मागणी वाढतेय आणि नग तेवढेच. त्यात आपल्याकडे एक खास मसाला आहे. हिंदी चित्रपटांत वाजवणारे चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रागांवर जी रेकॉर्ड केली, तिच्यात टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तिन्ही रोलँडची वाद्यं वाजली आहेत. ती रेकॉर्ड २०१० मध्ये पुन्हा निघाली, जगभर गाजली, आणि तेव्हापासून 'फिल्म लाइनमधल्या एका वादकाच्या घरातलं, माळ्यावर पडून होतं' ही कहाणी कुठल्याही जुन्या डब्याला चिकटवता येते. आम्हालाही तीच ऐकवली. वादकाचं नाव विचारलं तर म्हणे 'कुटुंबाची इच्छा नाही'. कहाणीला पैसे मोजू नका. कागद असेल, जुनी पावती असेल, तर बोला.

आता जिथे सगळं कळायला हवं होतं, ती वेव्ह फाइल.

८०८ चे हाय-हॅट आणि सिंबल हे झांजेसारखे आवाज कसे तयार होतात ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. चौकोनी लहरी काढणारे सहा ऑसिलेटर असतात, वीज चालू आहे तोवर ते अखंड चालूच. बटण दाबलं की तो सगळा गोंगाट फिल्टरमधून गाळून क्षणभर बाहेर सोडला जातो. हे सहा ऑसिलेटर एकमेकांना बांधलेले नाहीत, तुमच्या टेम्पोलाही बांधलेले नाहीत. त्यामुळे प्रत्येक ठोका त्यांना वेगळ्या जागी पकडतो आणि दोन ठोके कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत. कानाला फरक कळत नाही, पण सोळा ठोके सलग वाजले की हॅट जिवंत का वाटते, याचं उत्तर तिथे आहे. स्नेअर आणि क्लॅपमध्ये नॉइज आहे, तो तर दर वेळी नवाच. या सर्किटांसाठीच लोक लाखो रुपये मोजतात.

म्हणजे खरं-खोटं करायची परीक्षा साधी आहे. विकणाऱ्याकडून ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह मागवा, क्लोज्ड हॅट (हाय-हॅटचा आखूड ठोका) एकटी, अ‍ॅक्सेंट बंद, इफेक्ट काही नको. त्यातले दोन ठोके कापून दोन ट्रॅकवर ठेवा, सुरुवात अगदी एका सॅम्पलपर्यंत (सेकंदाच्या ४८,००० नोंदींपैकी एक) जुळवा, एकाची पोलॅरिटी उलटी करा (लहर वरची खाली) आणि दोन्ही एकत्र वाजवा. अस्सल मशीन असेल तर काहीतरी सळसळ मागे उरतेच. कॉम्प्युटरवरून थेट काढलेलं सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला ठोका, असेल तर शून्य, मीटर हलणारसुद्धा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या ऑडिओवर हे करू नका, कॉम्प्रेशनमुळे सॅम्पलचेही दोन ठोके वेगळे पडतात आणि तुम्ही खोट्याला खरं समजून बसाल.

त्या भामट्याच्या फाइलमधले सोळाही ठोके एकमेकांना खाऊन शून्य झाले. आणि त्याहून उघड गोष्ट : दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बरोबर ६,००० सॅम्पल. ४८ किलोहर्ट्झला १२० टेम्पोच्या एका बारचा (चार मात्रांचा) सोळावा भाग म्हणजे ६,००० सॅम्पल, ना एक कमी ना एक जास्त. ८०८ ला टेम्पोचा आकडाच दिसत नाही, नॉब असतो. नॉब फिरवून कोणी बरोबर १२०.००० वर आणू शकत नाही, आणलाच तर तो तिथे टिकत नाही. ती फाइल कॉम्प्युटरच्या ग्रिडवर मांडलेली होती हे दोन मिनिटांत मोजता आलं असतं. १,५०,००० जायच्या आधी ती आमच्याकडे होती. हेडफोनवर ऐकली, आवाज बरोबर वाटला. वाटणारच! अस्सल ८०८ वरून घेतलेलं सॅम्पल एका ठोक्यापुरतं अस्सल ८०८ च असतं. 'एवढे जाणकार, आणि कानाला कळलं नाही?' असं विचारणाऱ्यांनी स्वतः डोळे मिटून एकेक ठोका ओळखून दाखवावा.

बेस ड्रमवर दुसरी खूण होती. डिके (घुमारा किती टिकतो ते) पूर्ण ठेवून तो सोळा पायऱ्यांवर सलग वाजवला, तर अस्सल मशीनमध्ये पुढचा ठोका आधीच्या घुमणाऱ्या सर्किटवरच पडतो. कधी दोन्ही एकमेकांत मिसळून जाड होतात, कधी एकमेकांना कापतात. त्याच्या व्हिडिओत प्रत्येक ठोका तोच, आणि आधीचा घुमारा सुरीने कापल्यासारखा थांबत होता. डिकेचा नॉब फिरवताना कॅमेरा कट होऊन परत सुरू झाला. व्हिडिओत एक जरी कट दिसला, तरी पैसे देऊ नका.

आणि वजन. ८०८ चं स्वतःचं वजन ५ किलो. कुरिअरच्या पावतीवर थर्माकोल-खोक्यासकट ३.४ किलो, घोषित किंमत २,००० रुपये, माल 'जुनं इलेक्ट्रॉनिक साहित्य'. ४,८५० रुपयांचा विमा २,००० रुपयांच्या मालावर! पावतीचा फोटो आला तेव्हा नजर ट्रॅकिंग नंबरवर गेली, कारण शेवटचा हप्ता त्या नंबरवर ठरला होता. नंबर खरा होता. त्याला तेवढंच हवं होतं.

मागची बाजू व्हिडिओत दाखवलीच नव्हती. तिथे काय बघायचं ते लक्षात ठेवा : दुसऱ्या मशीनशी ताल जुळवायचं पाच पिनांचं सिंकचं सॉकेट, त्याशेजारी इन-आउटचा स्विच, वेगवेगळ्या आवाजांचे ११ आउटपुट आणि व्होल्टेजची पट्टी. आवाज १६ असले तरी आउटपुट ११ च, कारण टॉम-काँगा, रिमशॉट-क्लेव्ह्ज आणि क्लॅप-मराकास या जोड्या छोट्या स्विचवर बदलतात. मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायचं नंतरच्या काळातलं सॉकेट, नाही, कुठे मिडी दिसलं तर ते नंतर बसवलेलं आहे. आमच्या खोक्याला ११ जॅक होते, पण सगळ्यांतून एकच मिसळलेला आवाज. जपानी मशीन १०० व्होल्टचं असतं, २३० ला थेट जोडलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. हा इसम म्हणाला होता, 'मी थेटच लावतो, काही होत नाही.' आता त्याचा अर्थ कळतो, त्याच्या डब्याला बाहेरून ९ व्होल्टचा अडॅप्टर होता.

आतले फोटो अस्सल होते, दुसऱ्याच मशीनचे. फोटो मागायचे तर झाकण उघडलेलं मशीन, सिरियल नंबरची पट्टी आणि त्या दिवशीची तारीख लिहिलेला कागद तिन्ही एकाच चौकटीत मागा. पेन्सिल सेलच्या कप्प्याचाही फोटो घ्या. मेमरीसाठी तिथे तीन सेल बसतात, ते वर्षानुवर्षं गळतात आणि हिरवा गंज चढतो. चाळीस वर्षांचं मशीन आणि कप्पा आरशासारखा लख्ख, तर विचारा का.

आता सरकारी बाजू.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न : 'मशीन चालू होतं का?' होतं. 'आवाज येतो का?' येतो. 'ढोलाचाच येतो ना? मग फसवणूक कुठली?' अ‍ॅनालॉग सर्किट आणि सॅम्पल यातला फरक समजावायला निघालो तर साहेबांनी हात वर केले, 'हे सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा.' अर्जावर शिक्का मारून दिला, एफआयआर नाही. सायबर शाखेत म्हणाले, माल पोचलाय म्हणजे हा ऑनलाइन फ्रॉड नाही, ठाण्यात जा. ठाण्याने परत सायबरला पाठवलं. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः, तुमच्या ओटीपीने पाठवलेत. समोरचं खातं गोठवायचं तर पोलिसांचं पत्र आणा. ठाणं म्हणतं, आधी बँकेकडून त्या खात्याची माहिती आणा. ती माहिती बँक फक्त पोलिसांना देते. कुरिअरवाल्यांकडे पाठवणाऱ्याचं ओळखपत्र आहे, पण तेही 'फक्त पोलिसांना'. एका टेबलावर तर विचारलं, 'जुन्या मशीनला तीन लाख कोण देतं?' म्हणजे गुन्हेगार आम्हीच! सोन्याची बांगडी म्हणून पितळ विकलं असतं तर यांनी 'बांगडी हातात बसते ना' असं विचारलं असतं का?

या टोलवाटोलवीतून जे हाती लागलं ते असं. तक्रारीत 'खराब', 'बिघडलेलं', 'निकृष्ट' हे शब्द चुकूनही लिहू नका, त्यावरच ते दिवाणी ठरवून मोकळे होतात. 'बनावट वस्तू अस्सल असल्याचं सांगून विकली' असंच लिहा, आणि जुन्या ४२० च्या जागी आलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) नमूद करा. तंत्रज्ञाचा लेखी अहवाल जोडा, अहवालात 'आवाज निर्माण करणारं मूळ सर्किट अस्तित्वात नाही' हे एक वाक्य हवंच. आम्हाला त्याचे १,५०० पडले. एफआयआर घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली तोच अर्ज लेखी, पोस्टाने, पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पोचपावती जपून ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर यातलं काहीही करायच्या आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. मेमरी कार्डाला हात लावू नका, फाइल्स कॉपी करायच्या नादात तारखा बदलतात. खोकं उघडण्याआधी वजनकाट्यावर ठेवून सलग व्हिडिओ काढा.

खात्याचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव वेगळं होतं. 'मेहुण्याचं खातं आहे.' मेहुण्याच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

नकलांबद्दल राग नाही, हेही सांगून ठेवतो. ८०८ च्या सर्किटवरून बनवलेली नवी मशीन्स उघडपणे, स्वतःच्या नावाने, रास्त भावात मिळतात. खुद्द रोलँडने २०१७ मध्ये टीआर-०८ काढलं, ते डिजिटल आहे आणि तसं सांगून विकलं जातं. ज्याला फक्त आवाज हवा त्याने तेच घ्यावं. रोलँडच्याच पुढच्या ड्रम मशीनच्या, ९०९ च्या बाबतीत मात्र वरची परीक्षा जशीच्या तशी लावू नका. त्याचे हॅट आणि सिंबल मुळातच ६ बिटमध्ये रेकॉर्ड केलेले आहेत, तिथे स्नेअर आणि क्लॅप तपासा.

हे लिहायची घाई यासाठी की त्याच फोन नंबरवरून हा भामटा आता रोलँडचा ज्युनो-१०६ सिंथेसायझर विकायला निघालाय, १,६५,००० ला, कहाणी तीच, फक्त वादकाच्या जागी चर्चचा ऑर्गनिस्ट. कोणी बोलणी करत असेल तर त्याच्याकडून एका टेकचा व्हिडिओ मागा : की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरून मशीन चालू करायचं, म्हणजे ते टेस्ट मोडमध्ये जातं आणि दर स्वराला सहापैकी कुठला व्हॉइस (स्वर काढणारं सर्किट) वाजतोय त्याचा आकडा डिस्प्लेवर येतो. १ ते ६ सगळे आकडे दिसले पाहिजेत, आणि सहाही आवाज सारखे आले पाहिजेत. एखादा खरखरला किंवा अडकून राहिला तर त्या व्हॉइसची ८००१७ए चिप गेलेली आहे, मशीन तरी खरं आहे, भाव पाडून मागा. मग रेझोनन्स पूर्ण वर नेऊन फिल्टरला शिट्टी मारायला लावा आणि कटऑफचा स्लायडर हळूहळू खाली आणायला सांगा, बोट आणि आवाज एकाच चौकटीत. आमच्या एका ओळखीच्याने हे मागितलं. त्याचा नंबर ब्लॉक झाला.